इंजिनाच्या कामानंतर ऑइल प्रेशर कमी येतंय? दोष शोधायचा सविस्तर क्रम

नवीन बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हा सगळं छान वाटतं. थंड तेलावर काटा साठच्या आसपास उभा असतो, आवाजही स्वच्छ असतो. वीस-पंचवीस मिनिटांनी इंजिन पुरतं तापतं, आयडलिंगवर येतं, आणि काटा हळूहळू खाली सरकत दहा पीएसआयच्याही खाली जाऊन बसतो. लाल दिवा लुकलुकायला लागतो. इतके दिवस घाम गाळून बांधलेल्या इंजिनाबाबत हे बघणं किती जड जातं, ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळतं.

अशा वेळी पहिलं काम एकच, इंजिन बंद करायचं. रेस देऊन "वाढतंय का" हे बघायचा मोह आवरा. क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये भार सांभाळणारा तेलाचा थर सर्वांत पातळ जागी जेमतेम काही मायक्रॉनचा असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत बेअरिंगचा वरचा मऊ लेप निघून जातो. मग मूळ दोष शोधून दुरुस्त केला तरी क्रँक पुन्हा उतरवावाच लागतो.

पंप प्रेशर तयार करत नाही

ही गोष्ट मनात पक्की बसली की पुढचं सगळं सोपं होतं. पंप फक्त तेल ढकलतो. त्या तेलाला बेअरिंगच्या बारीक फटींतून वाट काढावी लागते, त्या अडथळ्यामुळे मागे दाब तयार होतो. म्हणजे प्रेशर कमी असण्याची कारणं मोजकीच उरतात. तेल पंपापर्यंत नीट पोचत नाही, पंप ते पुरेसं ढकलत नाही किंवा रिलीफ व्हॉल्व्हमधून (दाब मर्यादेपुढे गेला की उघडणाऱ्या झडपेतून) परत चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यात) सोडतोय, पुढे कुठेतरी तेलाला नको इतकी मोकळी वाट मिळालीय, तेलच पातळ झालंय, किंवा गेज खोटं बोलतंय.

काम झाल्यानंतर लगेच आलेल्या दोषात आणखी एक मोठा धागा हाताशी असतो. कामाआधी प्रेशर ठीक होतं, तर जिथे हात लागला तिथेच कारण असण्याची शक्यता सर्वांत जास्त. म्हणून पाना उचलायच्या आधी कागद घ्या आणि काय काय बदललं ते लिहून काढा. क्रँक ग्राइंड केला का? ब्लॉक धुताना गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढले होते का? टर्बो, ऑइल कूलर, रिमोट फिल्टर लावला का? चेंबर कापून बदललाय का? पिस्टन कूलिंग जेट (पिस्टनवर खालून तेल उडवणारे नोझल) काढले होते का? बॅलन्स शाफ्ट (इंजिनाची थरथर कमी करणारे दांडे) काढून टाकलेत का? हेड दुसऱ्या इंजिनाचं आहे का? मेन बेअरिंगच्या बोल्टच्या जागी स्टड आलेत का? ही यादी पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहे.

आधी गेज खरं आहे का ते बघा

डॅशबोर्डवरच्या काट्यावर विश्वास ठेवून इंजिन उतरवू नका. साधं मेकॅनिकल गेज घ्या, सेंडर (दाब मोजून काट्याला कळवणारा भाग) काढून त्याच छिद्रात बसवा आणि नळीतली हवा काढून टाका. नायलॉनची नळी असेल तर ती एक्झॉस्टपासून लांब बांधा. ती वितळून फुटली तर गरम तेल सरळ लाल झालेल्या मॅनिफोल्डवर उडतं. आटे नीट जुळतायत ना तेही पाहा. बीएसपी आणि एनपीटी हे आटे दिसायला इतके सारखे असतात की जोर लावून भलताच बसवला जातो आणि ब्लॉकचं छिद्र खराब होतं.

कामानंतर हमखास दिसणारी एक चूक म्हणजे सेंडरच्या आट्यांवर गुंडाळलेली टेफ्लॉन टेप. एका वायरच्या सेंडरला अर्थिंग त्याच्या अंगातूनच मिळतं. टेप जास्त झाली की अर्थिंग तुटतं आणि काटा मनाला येईल ते दाखवतो. शिवाय टेपचा तुकडा सुटून आत गेला तर तो बारीक तेलवाटेत अडकतो. इशाऱ्याचा दिवा हा तर अगदी शेवटचा निरोप. बहुतेक गाड्यांत तो साधारण ०.३ ते ०.५ बारला, म्हणजे ४ ते ७ पीएसआयला लागतो. दिवा लागला नाही म्हणजे प्रेशर ठीक आहे असं अजिबात समजू नका.

तेल आणि फिल्टर

पातळी तपासा. तेल मोजायची काठी (डिपस्टिक) नाकाजवळ नेऊन वासही घ्या. पेट्रोल किंवा डिझेलचा वास येत असेल तर इंधन तेलात मिसळतंय. मोठे इंजेक्टर, नवीन मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं इंधनाचं सेटिंग) किंवा ट्यून न झालेला कार्बोरेटर असलेल्या इंजिनात हे बऱ्याचदा होतं आणि नवंकोरं तेल दोन दिवसांत पाण्यासारखं पातळ होतं. पातळी जास्त असेल तर क्रँक तेलात आपटून फेस करतो. फेसात हवा असते, आणि हवेचा दाब बेअरिंगला सांभाळू शकत नाही.

ग्रेडही पाहा. १०० अंशांवर एसएई ३० तेलाच्या घट्टपणाची (व्हिस्कॉसिटीची) मर्यादा ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९. नेहमीचं १५डब्ल्यू-४० तेल ४० अंशांवर शंभरच्या पुढे असतं आणि १०० अंशांवर चौदा-पंधरावर येतं. म्हणजे गरम झाल्यावर ते सातपट पातळ होतं. म्हणूनच थंड इंजिनावरचं प्रेशर बघून समाधान मानायचं नाही.

फिल्टर काढा. जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून तर राहिलं नाही ना, ते बोट फिरवून पाहा. मग फिल्टर कापा. हॅक्सॉने कापलं तर ब्लेडचा कीस आत पडून दिशाभूल करतो, म्हणून फिल्टर कटरच वापरा. कागद उलगडा, व्हाइसमध्ये दाबून तेल पिळून काढा आणि उन्हात धरा. तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंगचा वरचा लेप संपून खालचा थर उघडा पडलाय. त्यापुढे विचार करायचं कारण नाही, इंजिन उघडावंच लागेल. चुंबकाला चिकटणारा कीस लोखंडी भागांतून आलेला असतो. रबरासारखे वेटोळे मिळाले तर पॅकिंगला लावलेलं सिलिकॉन सुटून फिरतंय, आणि त्यातलं बरंचसं पंपाच्या जाळीवर (चेंबरमधून तेल ओढणाऱ्या नळीच्या टोकावर) बसलं असणार.

काट्याची चाल वाचा

वरच्या तपासणीत काही धोक्याचं दिसलं नाही आणि आयडलिंगला दिवा विझलेला राहतो, तरच मेकॅनिकल गेजवर एकदा नोंद घ्या. थंड आयडलिंग, गरम आयडलिंग, मग १०००, २०००, ३००० आरपीएम. भार न देता, थोडक्यात. टकटक ऐकू आली तर तिथेच थांबा. जुना ठोकताळा असा की गरम इंजिनाला दर १००० आरपीएममागे १० पीएसआय मिळावं. तो फक्त अंदाजासाठी. खरा आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरायचा.

थंड असताना उत्तम, गरम आयडलिंगला घसरतं, पण रेस दिली की चढतं, अशी चाल असेल तर तेल पातळ आहे किंवा पुढे कुठेतरी जादा गळती आहे, मग ती ढिल्या बेअरिंगमधून असो वा उघड्या राहिलेल्या छिद्रातून. सुरुवातीला चढतं आणि एका ठरावीक खालच्या आकड्यावर अडकतं, कितीही रेस दिली तरी पुढे जात नाही, तर रिलीफ व्हॉल्व्हकडे बघा, तो कचरा अडकून उघडा राहिलाय किंवा स्प्रिंग बसलीय. रेस वाढवल्यावर उलट उतरतं, तर पंप तेल नीट ओढू शकत नाही: जाळी बुजलीय, जाळीची नळी हवा ओढतेय, किंवा हेडमध्ये तेल साचून चेंबर रिकामा होतोय. काटा थरथरत असेल तर तेलात हवा आहे. आणि पहिल्यापासून शून्यच असेल तर पंप प्राइम झालेला नाही किंवा त्याला फिरवणारा दांडा किंवा चावी बसलेलीच नाही.

बदलांनी मागे ठेवलेल्या वाटा

माझ्या मते खरा शोध इथेच आहे. बहुतेक जण थेट बेअरिंगवर संशय घेतात आणि याच गोष्टी राहून जातात.

बॅलन्स शाफ्ट काढले की त्यांच्या बेअरिंगला तेल देणारी छिद्रं मागे उरतात. मित्सुबिशीच्या ४जी६३ सारख्या इंजिनात शाफ्ट काढताना बेअरिंग फिरवून पुन्हा ठोकतात, म्हणजे त्याची भरीव बाजू छिद्रावर येते. ते नीट झालं नाही तर मुख्य गॅलरीतलं तेल तिथून सरळ चेंबरमध्ये पडत राहतं, आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही.

पिस्टन कूलिंग जेटची गोष्ट तशीच. बहुतेक जेटमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो ठरावीक प्रेशरच्या वरच उघडतो, म्हणजे आयडलिंगला तेल वाया जात नाही. जेट काढून जागा उघडी ठेवली, किंवा व्हॉल्व्हवाल्या बोल्टऐवजी दुसराच पोकळ बोल्ट बसवला, तर आयडलिंगलाही धार सुरू राहते.

हेड बदललं असेल तर ब्लॉक आणि हेडच्या जोडावरचा रिस्ट्रिक्टर जेट पाहा. दोन मिलीमीटरच्या आसपासचं छिद्र असलेला तो एवढासा तुकडा हेड सर्फेसिंगच्या वेळी काढला जातो आणि परत बसवायचा राहतो. मग हेडमध्ये नको तितकं तेल चढतं आणि वरून खाली यायला वेळ लागतो. रॉकर शाफ्टच्या टोकाचे प्लग आणि शाफ्टची दिशाही याच वेळी तपासा.

ऑइल कूलर आणि रिमोट फिल्टर लावताना नळ्या उलट जोडल्या जाणं, किंवा आतून अरुंद फिटिंग वापरणं, हे नेहमीचं. नळीचा आतला व्यास बारा-चौदा मिलीमीटर हवा, आणि काटकोनी फिटिंग जितकी कमी तितकं बरं. संशय असेल तर कूलरच्या आधी आणि नंतर असे दोन गेज लावा. दोन्हींमधला फरक लगेच उत्तर देतो. टर्बोच्या तेलाच्या नळीत किती रिस्ट्रिक्टर लागतो ते टर्बो बनवणाऱ्याच्या माहितीप्रमाणेच ठेवा. बॉल बेअरिंगच्या टर्बोला साधारण एक मिलीमीटरचा लागतो, साध्या बेअरिंगच्या टर्बोला बहुधा तेल जास्त हवं असतं. टर्बोवर संशय असला तरी त्याची नळी बंद करून इंजिन चालवू नका. तो प्रयोग पुढे सांगितलेल्या टाकीच्या चाचणीत करा.

चेंबर कापून किंवा खोल करून घेतला असेल तर जाळी आणि तळ यांतलं अंतर मोजा. जाळीवर मऊ मातीचा गोळा चिकटवा, चेंबर पॅकिंगसकट बसवा, बोल्ट आवळा, परत उतरवा आणि दबलेल्या गोळ्याची जाडी मोजा. सहा ते दहा मिलीमीटर ठीक. चार-पाचच्या खाली असेल तर जाळी तळाला चिकटल्यासारखीच आहे. नळीची ओ-रिंग चिरलेली नाही ना, आणि जुन्या नळीच्या डागाच्या जोडावर केसासारखी भेग नाही ना, तेही बघा. तिथून हवा आत जाते, तेल बाहेर येत नाही, म्हणून ती गळती कधीच दिसत नाही.

चेंबर उतरवून टाकीची चाचणी

ही चाचणी मी सर्वांना करायला सांगतो. दाब सहन करणारी धातूची टाकी घ्या, जिला हवेचा रेग्युलेटर आणि झडप आहे. त्यात इंजिनात घालतो तेच तेल भरा. नळी प्रेशर सेंडरच्या छिद्रात जोडा, चेंबर काढलेला असू द्या, खाली पांढरा पुठ्ठा किंवा ट्रे ठेवा आणि दीड-दोन बार हवा द्या. प्लॅस्टिकची बाटली किंवा पाण्याचा कॅन यासाठी कधीही वापरू नका, फुटला तर डोळ्याला इजा होईल.

आता खाली झोपून टॉर्च धरा आणि बघा. चांगल्या मेन (क्रँक ब्लॉकमध्ये धरणाऱ्या) आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या) बेअरिंगच्या कडेने तेल झिरपतं, थेंब जवळजवळ पडतात, बारीक ओघळही चालतो. एखाद्या ठिकाणी मात्र सलग धार लागली की तिथे बोट ठेवा. क्रँक हाताने हळूहळू फिरवत राहा, कारण छिद्रं जुळतात तसा प्रवाह बदलतो. पंपाच्या बाजूने थोडं तेल मागे जाळीत उतरणं स्वाभाविक आहे, पण रिलीफ व्हॉल्व्हच्या वाटेतून भरभरून येत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. टर्बोची नळी बंद करून पाहायचं तर तेही आत्ताच.

मी हाताळलेलं एक चार सिलिंडरचं इंजिन अजून लक्षात आहे. टर्बो लावलेला, बॅलन्स शाफ्ट काढलेले, क्रँक ०.२५ मिलीमीटर ग्राइंड केलेला. थंड आयडलिंगला ६२ पीएसआय, गरम आयडलिंगला ६, आणि ३००० वर ३०. माझ्याकडे येण्याआधी त्यात आधी घट्ट तेल घातलं गेलं, मग जास्त प्रवाहाचा पंप. आकडे थोडे वर गेले आणि गाडी तशीच दोन आठवडे चालवली गेली. टाकीची चाचणी लावली तेव्हा पाचही मेन बेअरिंग शांतपणे ठिबकत होती. धार येत होती ती रिकाम्या बॅलन्स शाफ्टच्या बोगद्यातून. टॉर्च आत घातला तर बेअरिंग फिरवलेलं होतं खरं, पण पुरतं फिरलं नव्हतं. जुन्या छिद्राची एक चंद्रकोर उघडी राहिली होती, नखाएवढीसुद्धा नाही. तेवढ्यातून सगळं चाललं होतं. बेअरिंग काढून नीट बसवल्यावर गरम आयडलिंगला १८ आणि ३००० वर ५२ आलं. पण त्या दोन आठवड्यांत शेवटच्या बिग एंडच्या शेलवर (बेअरिंगच्या अर्ध्या वाटीवर) तांबं दिसायला लागलं होतं, ते सगळे बदलावे लागले. सुरुवातीलाच चेंबर उतरवला असता तर ते शेल वाचले असते, याचं मला आजही वाईट वाटतं.

पंप

पंप उघडून गिअर आणि झाकणामधली फट सरळ पट्टी आणि फीलर गेजने मोजा. बऱ्याच पंपांत ती ०.०३ ते ०.१० मिलीमीटरच्या दरम्यान असते. झाकणावर नख अडकेल असे ओरखडे असतील तर ब्लॉक धुताना राहिलेला कीस पंपातून गेला आहे, आणि तो फक्त पंपातूनच गेला असेल असं समजू नका. रिलीफ व्हॉल्व्हचा दट्ट्या तेल लावून उभा धरला की स्वतःच्या वजनाने घसरायला हवा. स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर वाढवायचा उपाय इथे उपयोगाचा नाही. त्याने फक्त वरची मर्यादा वाढते. गरम आयडलिंगला चांगला व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो, त्यामुळे तिथला आकडा जागचा हलत नाही.

बेअरिंग

इथपर्यंत काही सापडलं नाही तर बेअरिंग उघडा. कॅप काढताना क्रमांक आणि बाण नोंदवा, कारण कॅपची अदलाबदल हेच कधी कधी कारण निघतं. तेलाचं छिद्र असलेला शेल ब्लॉकच्या बाजूला हवा. तो खाली गेला आणि बिनछिद्राचा वर आला तर त्या जर्नलला (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागाला) तेलच मिळत नाही.

क्लिअरन्स म्हणजे फट मोजायला प्लॅस्टिगेज (दाबल्यावर पसरणारी मऊ प्लॅस्टिकची पट्टी, तिच्या रुंदीवरून फट कळते) पुरेसं आहे, पण जर्नल आणि शेल पूर्ण कोरडे पुसा, पट्टी क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळा आणि मध्ये क्रँक अजिबात फिरवू देऊ नका. जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट हा सर्वसाधारण हिशेब, म्हणजे ५० मिलीमीटरच्या जर्नलला ०.०५. तेलाची गळती या फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून "दहा मायक्रॉनने काय होतंय" असं म्हणू नका. ०.०५ ची फट ०.०६ झाली की गळती जवळपास पाऊणपट वाढते. ०.१० झाली की आठपट.

मेन बोल्ट काढून स्टड लावले असतील तर मेन बोअर पुन्हा मोजून घ्या. स्टडचा आवळ वेगळा असतो, त्याने बोअर किंचित अंडाकृती होतो आणि लाइन होनिंग (सगळे मेन बोअर एका रेषेत घासून गोल करणं) करावं लागतं. मोजताना स्टड पूर्ण टॉर्कला आवळलेले हवेत, नाहीतर मोजमापाला अर्थ नाही. ग्राइंड केलेल्या क्रँकचं माप मशीन शॉपच्या कागदावरून न घेता मायक्रोमीटरने स्वतः घ्या, प्रत्येक जर्नल दोन दिशांनी.

परत बांधताना

पंप पेट्रोलियम जेलीने किंवा तेलाने भरा, घट्ट ग्रीस नको. सुरू करण्याआधी त्याच टाकीने गॅलरी भरून घ्या, वर रॉकरपर्यंत तेल पोचलेलं डोळ्यांनी पाहा. टाकी नसेल तर स्पार्क प्लग काढून, इग्निशन आणि इंजेक्टरच्या वायर सोडवून, दहा-दहा सेकंदांनी स्टार्टर मारत गेजवर दाब येईपर्यंत थांबा.

पहिल्या वीस मिनिटांनंतर फिल्टर काढून पुन्हा कापा. थोडा कीस निघेल, तांबं निघता कामा नये. मग पुरतं तापलेल्या तेलावर आयडलिंग, १०००, २००० आणि ३००० चे आकडे, तेलाचा ग्रेड आणि तारीख एका कार्डावर लिहून ते बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. मेकॅनिकल गेज पहिले पाचशे किलोमीटर तसंच लावलेलं राहू द्या.